थरथरणारा तंबोरा

मामांचा रेडिओ गेल्या थंडीत कायमचा बंद पडला. मामा म्हणजे माझे सासरे. दुरुस्तीवाल्यानं तो उघडून पाहिला, आत फुंकर मारली आणि परत स्क्रू आवळून त्यांच्या हातात दिला. "याचे पार्ट आता येतच नाहीत, काका." मामांनी रेडिओ घरी आणला, कपाटावर ठेवला आणि त्याच्यावर धुतलेला पंचा टाकला. मी तेव्हाच ठरवलं, यांना फोनवर गाणं ऐकायची सोय करून द्यायची. मला वाटलं होतं, एका संध्याकाळचं काम आहे. उन्हाळा लागेपर्यंत ते चाललं.

मामा रेल्वेत होते. गाडी स्टेशनात थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन ते डब्यांच्या कडेनं चालत जायचे आणि एकेका चाकावर ठोका मारायचे. शाबूत चाक टणकन वाजतं आणि आवाज थोडा वेळ रेंगाळतो. तडा गेलेलं चाक बद्द वाजतं. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी असा कान लावून काढली. त्याआधी, लग्नाच्याही आधी, ते वस्तीतल्या गायन पार्टीत पेटी वाजवायचे. जयंतीच्या दिवसांत पार्टी टेम्पोत बसून गावोगाव जायची. एकदा पेटीचा एक सूर बसला म्हणून ते सिटी चौकातल्या एका म्हाताऱ्या चाचांकडे गेले. चाचा पेट्या दुरुस्त करायचे, पण झालेली पेटी लगेच देत नसत. "बैठो मियाँ. पहले ये सुनो, फिर पेटी लेको जाव," असं म्हणून टेपवर एखादा ख्याल लावायचे. मामा बसले. मग पेटी चांगली असतानाही जाऊन बसायला लागले.

आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, हे सगळं हसत सांगतात. "लगीन झालं तवा मला वाटलं, ह्यांच्या पोटात दुखतंय. सकाळच्याला आंघोळ करून आ आ करत बसायचे. मी ओवा आणून दिला."

मला स्वतःला गाण्यातलं काही कळत नव्हतं. माझं माहेर लासूर स्टेशनचं, वडील मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाल. आमच्या घरात गाणं म्हणजे लग्नातलं आणि जयंतीचं. इथं सिडकोत सून म्हणून आले तेव्हा बाहेरच्या खोलीत सकाळ-संध्याकाळ जे चालायचं, ते मला पंख्याच्या आवाजासारखं झालं होतं. होतं, एवढंच. मी शेंद्र्याला एका कारखान्यात क्वालिटी खात्यात काम करते. मशीनवरून आलेले तुकडे मोजायचे, मापात बसत नसतील ते बाजूला काढायचे. माझे पती पुण्याला नोकरीला, शनिवार-रविवार घरी येतात. त्यामुळं मामांचं ॲप निवडायचं काम माझ्याकडंच आलं.

मी कंपनीतल्या मैत्रिणींना विचारून तीन ॲप काढली. तिन्ही सुरुवातीला फुकट ऐकता यायची. मामांना त्यांची नावं लक्षात ठेवायची नव्हती. त्यांनी प्लॅटफॉर्मसारखे नंबर पाडले. "एक नंबरवर लाव," म्हणायचे. किंवा, "दोन नंबरवर बघ आलीय का."

परीक्षा काय घ्यायची, तेही त्यांनीच ठरवलं. एका जुन्या गायिकेची मुलतानी त्यांना तोंडपाठ होती. तेच रेकॉर्डिंग तिन्हीकडं लावायचं. मुलतानी दुपारी ऐकायची असते म्हणून परीक्षा रविवारी, जेवणं झाल्यावर. फोन त्यांनी स्टीलच्या डब्यावर उभा केला आणि समोर मांडी घालून बसले.

एक नंबरवर गाणं लगेच सापडलं. सात-आठ मिनिटं छान गेली. मामांचे डोळे मिटलेले, मान किंचित कललेली. गायिका निषादावर येऊन थांबली, आता षड्ज लागणार, आणि एक बाई मोठ्यानं ओरडली की अर्ध्या तासात किराणा घरपोच मिळेल. मामांनी डोळे उघडले.

"ही कोण?"

"जाहिरात आहे, मामा. पैसे भरले की येत नाही."

"सा तर लागू द्यायचा," ते म्हणाले. त्यांना राग आला नव्हता. वाईट वाटलं होतं.

मी जाहिराती बंद करून घेतल्या आणि पुढच्या रविवारी पुन्हा लावलं. या वेळी मामा तीन-चार मिनिटांतच म्हणाले, "तंबोरा थरथरतोय."

"म्हणजे?"

"मागं तंबोरा चाललाय ना, तो सरळ पाहिजे. हा पाण्यात पडल्यावानी हालतोय. यांचं मशीन बराबर नाय."

दोन नंबरवर मी 'क्लासिकल' असं लिहून शोधलं, तर पियानो आणि पन्नास-साठ व्हायोलिनं सुरू झाली. मी घाईनं बंद करायला गेले तर मामांनी हात धरला. दहा मिनिटं ऐकलं. मग म्हणाले, "चांगलंय. पण एकालाबी एकट्याला बोलू देईनात." त्यांची मुलतानी शोधायला मला वेळ लागला. इंग्रजीत ती चार तऱ्हांनी लिहिलेली होती आणि एका ठिकाणी मुलतानीच्या नावाखाली भलताच राग ठेवलेला होता. मामांना तो दोन सुरांत ओळखू आला. शेवटी सापडली. मी त्यांच्या तोंडाकडं बघत बसले.

"हितंबी थरथरतोय," ते म्हणाले.

तीन नंबरची ख्याती अशी होती की आवाज अगदी गायकासमोर बसल्यासारखा येतो. माझ्या पतींनी पुण्याहून एक चांगला स्पीकर आणला. मी सेटिंगमध्ये जाऊन सगळ्यात वरची क्वालिटी लावली. इथं गाण्याचे दोन तुकडे केलेले होते. संथ विलंबित संपलं की क्षणभर काहीच नाही, मग जलद द्रुत. ते मलासुद्धा खटकलं. पण आवाज असा स्वच्छ होता की गायिकेचा श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, झालं काम.

"तंबोरा?" मी विचारलं.

मामांनी मान हलवली. "थरथरतोय."

त्या दिवशी माझा तोल गेला. आठवडाभर कंपनीत ऑडिट होतं, रविवारी कपडे धुवायचे राहिले होते, आणि मी हे तिसरं ॲप लावून बसले होते. "मामा, मला तर अगदी सरळ ऐकू येतोय," मी म्हणाले. "यांना काहीच झालेलं नाही. तुम्हाला जुन्या रेडिओची सवय आहे, म्हणून."

मामा म्हणाले, "मग असंल सरळ," आणि पेपर उघडला. तो सकाळीच वाचून झालेला होता.

पुढचे दोन रविवार त्यांनी काही लावायला सांगितलं नाही. मी विचारलं तर, "राहू दे बाई, तू दमतीस." बाहेरची खोली शांत असायची. लग्न होऊन आल्यापासून त्या घरात एवढी शांतता मी ऐकली नव्हती. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून जिना चढताना ती मला दारातच जाणवायची आणि माझंच बोलणं आठवायचं.

उलगडा झाला तो कुकरमुळं. रविवार सकाळ होती, मी भाजी चिरत होते, आत्यांनी वरणाचा कुकर लावलेला. शिट्टी झाली. बाहेरून मामा म्हणाले, "ही शिट्टी अशी कामून थरथरती? रबर बदला तिचं."

मी हातातली सुरी थांबवली. शिट्टी सरळ झाली होती. सरळ, लांब, नेहमीसारखी.

"आत्या, मामा असं आधीपण म्हणालेत?"

"दिवाळीपासून हेच चाललंय," आत्या म्हणाल्या. "कुकर थरथरतो. दाराची बेल थरथरती. मी काय बोलू? आता पेटीबी वाजवीनात."

"पेटी का नाही वाजवत?"

"भाता गळतोय म्हणत्यात."

मी आतल्या खोलीत गेले, पेटी खाली घेतली. मला वाजवता येत नाही, पण भाता ओढून एक पट्टी दाबता येते. भाता जराही गळत नव्हता. सूर भरून आला आणि मी हात काढेपर्यंत तसाच राहिला.

आमच्या खात्यात एक साधी रीत आहे. तीन वेगवेगळ्या मशीनवरचे तुकडे एकसारखेच चुकीचे निघाले, तर मशीनला नावं ठेवण्याआधी आपलं मापायचं साधन तपासायचं. मी रोज नव्या मुलींना हे शिकवते. आणि घरात मला सुचलं नव्हतं. दिवाळीला माझ्या पतींनी मामांना कानामागं लावायची मशिनं आणून दिली होती. यार्डातल्या इंजिनांनी त्यांचे कान आधीच अधू झाले होते. मशिनं आल्यावर आम्ही सगळे खूश होतो, कारण मामांना एका हाकेत ऐकू जायला लागलं होतं. बोलणं स्पष्ट झालं, म्हणजे सगळं स्पष्ट झालं, असं आम्ही धरून चाललो.

मी बाहेर जाऊन त्यांच्याजवळ खाली बसले.

"मामा, कानातली मशिनं जरा काढता का? दोन्ही."

"कशाला?"

"काढा तर."

त्यांनी काढली आणि तळहातावर धरली. मी स्पीकर त्यांच्या गुडघ्याशी ठेवला, आवाज पूर्ण वाढवला आणि नुसता तंबोरा लावला. शेजारच्यांनी खिडकीतून डोकावून बघितलं, एवढा मोठा आवाज होता. मामा पुढं वाकले. बराच वेळ वाकून होते.

"सरळ हाय," ते म्हणाले. मशिनं काढल्यामुळं त्यांना आपला आवाज कळत नव्हता, ते जवळजवळ ओरडलेच. "लई लांब हाय बाई, पण सरळ हाय!"

आत्या पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. मामांनी डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. मशिनं परत घातल्यावर माझ्याकडं न बघता म्हणाले, "मला वाटलं, माझंच डोकं बेसूर झालं. म्हातारपणी होतं म्हणं काही जणांना. कुणाला सांगावं? म्हणून ॲपला नावं ठेवत बसलो."

मी त्यांना सवयीचं कारण दिलं होतं, आणि ते दिवाळीपासून एकटेच ही भीती घेऊन बसले होते. "माझं चुकलं, मामा," मी म्हणाले. ते म्हणाले, "तुझं कामून? मी तुला खरं कुठं सांगितलं व्हतं."

पुढच्या शनिवारी मी सुट्टी टाकली आणि आम्ही दोघं समर्थनगरमधल्या कानाच्या तपासणीच्या दवाखान्यात गेलो. तिथली तज्ज्ञ वयानं लहान होती, पण तिनं मामांचं सगळं ऐकून घेतलं. मग समजावून सांगितलं. ही मशिनं माणसाचं बोलणं ऐकण्यासाठी बनवलेली असतात. बोलण्यात सूर सारखा बदलतो. एकच सूर लांबपर्यंत आला, तर मशीनला वाटतं की आपणच शिट्टी मारतोय, आणि ते त्याला दाबायला जातं. म्हणून तो थरथरतो.

"म्हंजी मशीनला तंबोरा म्हंजी बिघाड वाटतो," मामा म्हणाले.

"अगदी तसंच, आजोबा."

तिनं मशिनं कॉम्प्युटरला जोडली. गाण्यासाठी वेगळी सोय करता येते, म्हणाली. मशीनवरचं बारीक बटण दाबलं की बोलण्याचं बंद आणि गाण्याचं सुरू. मी फोनवर तंबोरा लावला. ती थोडं थोडं बदलत गेली आणि मामा डोळे मिटून सांगत गेले. "अजून हालतोय. आता कमी. डाव्या कानाला पंचम दबलाय. हां... अजून जरासा." एका क्षणी त्यांनी हात वर केला. "थांबा. आता सरळ." खोलीत तंबोरा वाजत राहिला. मग मामा तिला म्हणाले, "तुम्ही मशीन नाय लावलं बाई, तंबोराच लावला की."

ती हसली, पण तिनं एक गोष्ट लपवली नाही. वरच्या पट्टीतलं जे ऐकू येणं गेलंय, ते परत येणार नाही. मशीन आहे ते मोठं करेल, नसलेलं आणून देणार नाही. मामांनी मान डोलावली. रिक्षात बसल्यावर मला वाटलं, आता ते खचतील. क्रांती चौकाच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा ते म्हणाले, "तिन्ही ॲप परत तपासायला पाहिजेत. मी शाबूत चाकं बाजूला काढली होती."

पुन्हा रविवार, पुन्हा मुलतानी. पण या वेळी त्यांनी मलाही समोर बसवलं.

"वरचं मला येत नाय," ते म्हणाले. "वरचं तू ऐक. खालचं मी ऐकतो."

"मामा, मला त्यातलं काय कळतंय?"

"कळायचं काय त्यात? काय ऐकू आलं, तेवढं सांग."

मी सांगायला लागले. आधी फार बावळटासारखं. तारा छेडल्यावर त्यांच्याभोवती बारीक मधमाश्यांसारखा आवाज होतो, म्हटलं. मामा खूश झाले. त्याला जवारी म्हणतात, म्हणाले, आणि ती एक नंबरवर जास्त आहे की तीनवर, असं विचारलं. तीनवर. गायिका वर गेली की मला विचारायचे, "वरच्या सा वर काय झालं?" मी म्हणायचे, "थांबली. मग अगदी बारीक झाली. जवळजवळ नाहीच, पण आहे." ते तोंडातल्या तोंडात तो सूर लावून बघायचे आणि मी तोच होता का ते सांगायचं. दोनदा मी नाही म्हणाले. तिसऱ्यांदा तोच होता.

एका दुपारी मी भांडी घासता घासता म्हणाले, "हे मुलतानी नाही ना?" मामा बाहेरून धावत, म्हणजे त्यांच्या परीनं धावत, स्वयंपाकघरात आले. तोडी होती, सूर मुलतानीचेच, पण राग सकाळचा. भर दुपारी तोडी त्यांनी मुद्दाम लावली होती, मला ओळखू येते का बघायला. आत्या म्हणाल्या, "घ्या, आता दुसरं पोटदुखीचं माणूस."

निकाल आवाजावर लागला नाही. तीन नंबरचा आवाज सगळ्यात चांगला होता हे मीच सांगितलं, पण तिथं गाण्याचे तुकडे केलेले असायचे. मामा म्हणाले, विलंबितामधून द्रुतात जाताना तबलावाला जो श्वास घेतो तो गेला, तर काय राहिलं? एक नंबरवर मैफली कमी आणि स्टुडिओतलं जास्त. दोन नंबरवर नावांचा गोंधळ होता, पण जुन्या मैफली अख्ख्या होत्या. कुणी खोकतंय, कुणी वा म्हणतंय, मधेच गायक पेटीवाल्याला हळूच काही सांगतोय. मामांना ते सगळं हवं होतं. नावांच्या गोंधळावर त्यांनी तोड काढली. एका वहीत ते लिहायला लागले, कुठल्या नावाखाली खरं काय आहे. मुलतानीच्या जागी काय ठेवलंय, पुरियाच्या नावानं मारवा कुठं आहे. तिन्हींतलं दोन नंबर ठेवलं, बाकीची दोन मी फोनवरून काढून टाकली.

पेटी त्यांनी एप्रिलमध्ये पुन्हा बाहेर काढली. जयंतीच्या आधी वस्तीतल्या पार्टीची तालीम असते, तिथं जाऊन बसले. वाजवायला आता तरुण आहेत. पण दोन गाणी त्यांना वाजवायला दिली. मी गेले होते ऐकायला. मधेच त्यांनी बटण दाबायला कानामागं हात नेला आणि माझ्याकडं बघून मान हलवली, ठीक आहे म्हणून.

आता आमचं दोघांचं एकच खातं आहे. एका वेळी एकाच फोनवर चालतं. मी सकाळच्या बसमध्ये कानात लावून बसते, सिडको ते शेंद्रा. घरच्यांना एकाच वेळी ऐकता येईल असं खातं मिळतं, ते काढून घ्या, असं माझे पती प्रत्येक शनिवारी सांगतात. मी हो म्हणते आणि काढत नाही.

परवा बस चिकलठाण्याच्या पुढं गेली आणि माझं गाणं मधेच थांबलं. फोनवर आलं, दुसरीकडं सुरू आहे. मला घरातली बाहेरची खोली दिसली, स्टीलचा डबा, त्याला टेकवलेला फोन. मी कानातलं काढून खिडकीबाहेर बघत बसले. दोन मिनिटांत मामांचा फोन आला.

"तुझं बंद पडलं का?"

"पडू द्या मामा. तुम्ही ऐका."

"नाय, नाय. मला दिवसभर हायच की. तवर मी तुझ्या आत्याला भाजी निवडू लागतो. तू कंपनीपर्यंत ऐक."

"काय लावलं होतं?"

"तूच ऐक आन मला सांग," ते म्हणाले. "मी लावलेलं तुझ्या फोनवर दिसंल, मैफलीतलंच हाय. विलंबित संपत आलंय, तिथूनच लाव. आन वरचं नीट ऐक, मला संध्याकाळी पाहिजे."